लोडरला माणूस दिसतो का?

प्रश्न : मी कोळसा खाणीत ओव्हरमन (पाळीतल्या कामावर देखरेख करणारा) होतो, आता निवृत्त आहे. पुतण्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका भूमिगत सोन्याच्या खाणीत आहे. वर खोलीत बसून तो एकटाच दोन-तीन लोडर (फोडलेला दगड बकेटमध्ये भरून नेणाऱ्या गाड्या) सांभाळतो. खाली लोडरवर कोणीच नसतं म्हणे. आमच्याकडे एसडीएलसमोर (कोळसा भरणाऱ्या साइड डिस्चार्ज लोडरसमोर) कोणी आलं तर निदान ऑपरेटरचं लक्ष असायचं. या गाड्यांना अंधारात, धुळीत माणूस दिसतो का? आणि आपल्या कोळसा खाणींत हे येईल का?
— एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : कधी दिसतो, कधी नाही. म्हणून त्या दिसण्यावर कोणाचा जीव सोपवत नाहीत. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं विदर्भातल्या मँगनीजच्या खाणीत गेली आणि शेवटची परदेशात अशाच लोडरांच्या संगतीत, तेव्हा हे जरा ठासूनच सांगतो.

लोडरच्या पुढे आणि मागे लेझर स्कॅनर असतो. जमिनीखाली जीपीएस पोचत नाही. त्यामुळे स्कॅनर दोन्हीकडच्या भिंतींची अंतरं मोजत राहतो, त्याला चाकांचे फेरे आणि मधल्या सांध्याचा कोन यांची जोड देऊन गाडी आपली जागा ओळखते. रस्ता आधी माणसाने चालवून तिला शिकवलेला असतो. म्हणजे ही नजर आहे भिंतीला घासू नये यासाठी. अनेक यंत्रांवर ती एकाच आडव्या पातळीत फिरते. उकिडवा बसून पाइपाचा जॉइंट आवळणारा फिटर त्या पातळीच्या खाली गेला की तिच्या लेखी तिथे कोणी नाही. त्यात पुढे भरलेली बकेट असेल, तर जवळचं काही दिसायची सोयच नाही.

मग रडार लावा, कॅमेरे लावा! लावतात की. पण धूळ बसवायला पाणी मारलं तर लेझरला तुषारच अडथळा वाटतात आणि गाडी मोकळ्या रस्त्यात करकचून थांबते. रडार धुळीतून पार जातं. मात्र अरुंद बोगद्यात भिंती, छताची लोखंडी जाळी, रूफबोल्टच्या (छत धरून ठेवणाऱ्या सळ्यांच्या) प्लेटा सगळीकडून लहरी परत येतात आणि त्यातून माणूस वेगळा काढणं कठीण होतं. थर्मल कॅमेऱ्याला अंगाची ऊब आणि भोवतालचं तापमान यांत फरक लागतो, आणि खोल खाणीत भिंतच अंगाइतकी तापलेली असू शकते. शिवाय साधं गणित बघा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ओळखून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला की ५ मीटर संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी सहाएक मीटर धरा, उताराला त्याहून जास्त. वळणाच्या आडून आलेल्या माणसाला तेवढा अवकाश कुठून मिळणार?

खरी राखण फाटकावर होते. लोडर ज्या भागात फिरणार, त्याच्या प्रत्येक तोंडाशी अडसर, लाल दिवा आणि प्रकाशकिरणांचा पहारा असतो. काम सुरू करण्याआधी एकजण आतून सगळा भाग फिरून रिकामा असल्याची खात्री करतो, बाहेर पडतो आणि मगच फाटक ‘आर्म’ करतो, म्हणजे पहारा चालू करतो. त्यानंतर किरण तुटला की आतले सगळे लोडर जागेवर उभे. वरून बटण दाबून ते पुन्हा सुरू करता येत नाहीत. आधी कोणीतरी खाली जाऊन काय झालं ते बघायचं. ऐकायला झकास! पण फॅनची कापडी डक्ट (हवेची नळी) सैल होऊन किरणात लोंबली तरी सगळं ठप्प होतं. एका पाळीत असं तीनदा झालं की ‘हा सेन्सरच खुळा आहे’ म्हणत त्याला बगल देण्याचा मोह होतो. मला भीती वाटते ती या मोहाची, लेझरच्या आंधळेपणाची तेवढी नाही. पुतण्याला एवढंच विचारा, त्याच्याकडे फाटक बायपास करायची परवानगी कोण देतो आणि ती लिहून ठेवतात का.

आता आपल्याकडचं. राजस्थानात जस्ताच्या खाणींत दूरवरून चालवायचे लोडर आलेले आहेत. धातूच्या खाणीत ते जमतं, कारण उत्खननाच्या एका लेव्हलला (मजल्याला) तोंडं मोजकी असतात. तुमच्या बोर्ड अँड पिलरच्या, म्हणजे कोळशाचे खांब सोडून मधून गॅलऱ्या काढलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये (खाणीच्या भागात) दर पिलरला चौक. फाटकं किती आणि कुठे लावणार? फेस (कोळसा काढायची जागा) सरकत राहतो, आणि लोडिंग होतं त्याच भागात छताला आधार देणारे सपोर्टवाले, ड्रिलर, सुरुंग उडवणारे शॉटफायरर यांची ये-जा असते. मिथेनच्या भीतीने प्रत्येक विद्युत उपकरण फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर न पडू देणारं) किंवा इन्ट्रिन्सिकली सेफ (वायू पेटेल इतकी ठिणगीच न पडणारं) लागतं, ते वेगळंच. काळा कोळसा लेझर फारसा परतवतही नाही.

तुमच्या खाणीला सध्या उपयोगी पडेल ती दुसरी युक्ती. यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्र आणि कॅपलॅम्पमध्ये (टोपीवरच्या दिव्यात) ते ओळखणारा टॅग. माणूस फार जवळ आला की आधी इशारा, मग यंत्र बंद. अमेरिकेने २०१५ मध्ये भूमिगत कोळसा खाणींतल्या कंटिन्युअस मायनरवर (कोळसा सलग कापणाऱ्या यंत्रावर) अशी जवळीक ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. हे क्षेत्र कोळशातून आरपार जातं, म्हणून आडोशाचा माणूसही कळतो. पण त्याच गुणामुळे पिलरपलीकडे निवांत उभ्या असलेल्या माणसावरूनही भोंगा वाजू शकतो, आणि यंत्राची जाड केबल जवळ असली तर अंतराचा अंदाज बिघडतो. तेव्हा टॅग वाटण्याआधी आपल्याच गॅलरीत, आपल्याच केबलसह तो किती मीटरवर बोलतो हे मोजून घ्यावं लागतं. ते काम ओव्हरमनला बरोबर घेतल्याशिवाय होत नाही.