हॅमचं हाड, वाटाण्याची डाळ आणि सासूबाईंचा मुक्काम

«मावशी, आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो. शेजारच्या आजी एकट्या असतात. नाताळ झाल्यावर त्यांनी हॅमचं मोठं हाड काचेच्या भांड्यातून आणून दिलं. त्याला अजून बरंच मांस आहे. म्हणाल्या, याचं स्प्लिट पी सूप कर. माझ्या दोन्ही मुलांनी त्यांच्याकडे ते खाल्लंय आणि आता घरी कर म्हणून मागे लागलीत. मी आणि नवरा बाहेर खातो, पण घरात आजवर डुकराचं मांस शिजवलेलं नाही. दोन आठवड्यांनी सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्या शुद्ध शाकाहारी आहेत. हाड फ्रीजरमध्ये पडून आहे. करू का? कसं करू? आणि त्यांना काय सांगू?»

अगं, जरूर कर. शेजारच्या आजींनी तुला हाड दिलं म्हणजे काय दिलं, ते आधी सांगते. इथल्या जुन्या घरांत सणाचं हॅम, म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी, संपलं की हाड टाकत नाहीत. ते राखून ठेवतात आणि थंडीत त्याचं सूप लावतात. एका हाडावर चार-पाच जणांची दोन जेवणं होतात. माणूस ते हाड सहसा स्वतःच्या लेकीला नाहीतर सुनेला देतो. तुला दिलं, हे लक्षात ठेव.

आता डाळ. पाकिटावर स्प्लिट पीज लिहिलेलं असतं, ती आपली वाटाण्याची डाळ. वाळवलेला वाटाणा सोलून दोन फाका केलेला. हिरवी मिळते, पिवळीही मिळते. अमेरिकेत या सूपाला बहुतेक हिरवीच घेतात. कॅनडात क्वेबेककडे आणि स्वीडनमध्ये पिवळ्या वाटाण्याचं करतात. स्वीडनमध्ये तर ते गुरुवारचं जेवण, बरोबर पॅनकेक. हॉलंडमध्ये ते इतकं घट्ट करतात की त्यात चमचा उभा राहिला पाहिजे म्हणतात. आपल्या रगड्यातला पांढरा वाटाणासुद्धा कितीतरी वर्षं कॅनडातून भारतात जातोय, तेव्हा ही डाळ तुझ्या सासूबाईंना परकी नाही.

पिवळी घेतलीस तर डबा वेगळा ठेव आणि वर नाव लिही. न्यू जर्सीत आले त्या पहिल्या होळीला मी हरभऱ्याची डाळ समजून पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवली. गूळ घातला, पुरण वाटलं, आणि घरभर वाटाण्याचा वास. पोळ्या खाल्ल्या सगळ्यांनी, पण कोणी दुसरी मागितली नाही. हरभऱ्याची डाळ बारीक असते आणि तिची पाठ जरा खडबडीत, सुरकुतलेली लागते. वाटाण्याची गुळगुळीत आणि गोल असते. दोन दाणे बोटांत फिरवलेस की कळतं.

तुझ्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे: हाड वेगळ्या पातेल्यात शिजव. बहुतेक कृतींत हाड, डाळ, भाज्या सगळं एकदमच चढवतात. ते वाईट नाही. पण तुझ्या घरात खाणारे आणि न खाणारे एकाच टेबलावर बसणार आहेत, म्हणून हाडाचं पाणी आणि डाळ अगदी शेवटपर्यंत वेगळी राहू दे.

यानं सूप पाणचट होईल असं वाटू देऊ नकोस. कॅलिफोर्नियात १०१ नंबरच्या हायवेवर बुएल्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथं १९२४ साली अँटन आणि ज्युलिएट अँडरसन या जोडप्यानं छोटंसं खानावळवजा हॉटेल काढलं. पुढे ज्युलिएटबाईंच्या वाटाण्याच्या सूपानं ते इतकं गाजलं की लॉस एंजेलिसहून उत्तरेला निघालेल्या गाड्या मुद्दाम तिथं थांबायच्या. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांनी वाटेत ते सूप खाल्लेलं आहे. त्या सूपात मांस नव्हतं. डाळ, गाजर, कांदा, सेलरी नावाची दांड्यांची भाजी, थाईमचा सुवासिक पाला, तमालपत्र, बस्स. हॅमचे तुकडे हवे त्याला वरून वेगळे मिळायचे.

हाडाचं काम सासूबाई यायच्या आधीच उरकून घे. एक जाड बुडाचं मोठं पातेलं आण, जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. एक डाव आणि एक गाळणीही त्याचीच ठेव. फ्रीजरमधलं हाड तसंच पातेल्यात घातलं तरी चालतं. मात्र हॅमला मधाचा किंवा साखरेचा लेप असेल तर कोमट पाण्यानं धुऊन टाक, नाहीतर सूप गोड लागतं. बाहेरून लवंगा टोचलेल्या असतात, त्या काढ. एक राहिली तरी पूर्ण पातेल्याला तिचा वास येतो. हाड बुडेल इतकं, म्हणजे साधारण दहा कप गार पाणी घाल आणि अगदी मंद आचेवर दोन तास ठेव. खदखदू देऊ नकोस, कडेनं एखादा बुडबुडा आला की पुरे. मीठ अजिबात नाही. हॅम मिठात मुरवलेलंच असतं. त्याच्या पंचाऐंशी ग्रॅमच्या तुकड्यात हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम भरतं, आणि इथला आरोग्य विभाग दिवसाला तेवीसशेच्या आत राहा म्हणतो. घरात कोणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्याच्या वाडग्यात हॅम कमी वाढ.

पाणी गाळून घे. हाड हाताला सोसवेल इतकं निवलं की मांस सोडव आणि बोटांनी चाचपून बारीक हाडं काढ. मुलं खाणार आहेत, हे काम घाईत करू नकोस. मग पाणी उथळ डब्यांत ओतून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. सकाळी झाकण उघडलंस की वर चरबीचा पांढरा थर जमलेला दिसेल, तो चमच्यानं अख्खा उचलला जातो. खालचं पाणी डबा हलवला की खरवसासारखं थरथरतं. तसं थरथरलं की समज, हाडातला सगळा कस उतरला. या सूपाला जी तकाकी असते ती यातून येते. हे दोन-दोन कपांच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकलंस की पुढचे दोन-तीन महिने सूप करायचं म्हणजे फक्त डाळ शिजवायची. शिवाय हाड उकळतानाचा धुरकट वास घरात बराच वेळ राहतो. इथल्या पुष्कळ चिमण्या हवा बाहेर न टाकता तीच गाळून परत घरात सोडतात. म्हणून खिडक्या उघड्या ठेव.

सूपाच्या दिवशी एक पौंडाचं, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचं पाकीट घे. डाळ निवडून तीन-चार पाण्यांनी धू. भिजवायची गरज नाही, साल काढलेली असते. दुसऱ्या, नेहमीच्या घरातल्या पातेल्यात दोन चमचे लोण्यावर एक मोठा कांदा, दोन गाजरं आणि सेलरीचे दोन दांडे बारीक चिरून परत. दहा मिनिटं, आच मंद. कांदा लाल होऊ देऊ नकोस, नुसता पारदर्शक व्हायला हवा. दोन लसणाच्या पाकळ्या ठेचून, एक तमालपत्र, अर्धा चमचा सुकं थाईम आणि थोडी मिरपूड घाल. मग डाळ आणि सहा कप पाणी. उकळी आली की फेस वर येईल, तो काढून टाक.

अर्ध्या तासानं दाणा दोन बोटांत दाबून बघ. बाहेरून मऊ आणि मध्ये किंचित कणी लागली की वाटणीची वेळ झाली. अर्धं त्या नव्या पातेल्यात काढ. ओतताना ते डाळीच्या पातेल्याला टेकू देऊ नकोस. त्यात हाडाचं दोन कप पाणी आणि सोडवलेलं मांस घाल, घरातल्या पातेल्यात दोन कप गरम पाणी. आता दोन्ही आळू देत. आणखी पाऊण तास लागतो आणि शेवटची वीस मिनिटं समोरून हलू नकोस, कारण डाळ घट्ट झाली की बुडाला धरते आणि करपलेला वास पुन्हा निघत नाही. रवीनं घोटू नकोस, मिक्सरही नको. डाळ आपणच फुटते. पळीनं ढवळताना पळीमागे रेघ उमटून हळूहळू भरून आली की गॅस बंद कर. निवल्यावर ते आणखी घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी तर वडी पाडावी इतकं, तेव्हा गरम करताना पाणी लागेल. मीठ दोन्ही पातेल्यांत वेगवेगळं चाखून अगदी शेवटी.

शिजायचं नाव घेत नाही, दाणे गणंगच राहतात, अशी तक्रार मला पुष्कळदा येते. बहुतेक वेळा डाळ जुनी असते. काही गावांचं पाणी जड असतं, त्यानंही डाळ हटून बसते. मग चिमूटभर सोडा घाल. टोमॅटो, लिंबू, चिंच असलं आंबट आधी घातलंस तरी हेच होतं. लिंबू पिळायचं तर वाडग्यात.

प्रेशर कुकर वापरणार असशील तर एक सांगते. या डाळीचा फेस चिकट असतो आणि शिट्टीच्या भोकात अडकतो. भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस. इन्स्टंट पॉटला, म्हणजे विजेवरच्या कुकरला, पंधरा मिनिटं पुरतात, नंतर वाफ आपणहून जाऊ दे. बटण दाबून सोडलीस तर हिरवं पाणी ओट्यावर उडेल.

शाकाहारी पातेल्याला धुराची चव हवी असेल तर पाव चमचा स्मोक्ड पेपरिका, म्हणजे धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड, घाल. धुंगार देता येत असेल तर त्याहून छान: वाटीत पेटलेला कोळसा, वर तुपाचा थेंब, पाच मिनिटं झाकण. फक्त खिडकी उघडी ठेव आणि कोळसा लगेच बाहेर अंगणात नेऊन विझव. सासूबाईंच्या वाडग्यावर त्यांना आवडत असेल तर तूप-जिरं-लसणाची फोडणी घाल. पण मुख्य पातेल्यात हळद आणि गोडा मसाला घालू नकोस, निदान पहिल्या खेपेला तरी. मुलांनी जे खाल्लंय ते त्यांना तसंच मिळू दे. आपली आमटी आपल्याला रोज करता येते. बरोबर राय ब्रेड नाहीतर कॉर्नब्रेड. ज्वारीची भाकरीही फार चांगली लागते.

उरलेलं सूप रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. आपल्याकडे आमटी तशी राहायची, पण हे घट्ट असतं, आत तासन् तास कोमट राहतं आणि त्यात मांस आहे. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये टाक, तीन-चार दिवसांत संपव. गरम करताना मध्यापर्यंत वाफ आली पाहिजे.

राहिल्या सासूबाई. त्यांना विमानात बसायच्या आधी फोनवर सांग. तू सांग किंवा नवऱ्यानं सांगू दे, खरं तर त्यानंच सांगावं, आई त्याची आहे. «आई, मुलं इथं हॅम खातात. घरी कधीतरी शिजतं. त्याचं पातेलं आणि डाव वेगळा आहे, खालच्या कपाटात असतो. तुमच्या भांड्यांना लागत नाही.» एवढंच. समजावत बसू नका आणि पटलं का म्हणून विचारू नका. त्या म्हणतील, मी असेपर्यंत नको, तर तसं करा. सहा महिने मुलं शेजारच्या आजींकडे जाऊन खातील. घरात मांसाचं सूप शिजायला हवंच असा हट्ट मी तुझ्या जागी धरणार नाही. पण मुलांना «आजीला सांगू नका» असं कधीही म्हणू नकोस. आठ-दहा वर्षांच्या पोराला आजीपासून लपवायला लावायचं, हे मला कुठल्याही सूपापेक्षा जड वाटतं. माझ्या ओळखीच्या एका घरात तसं झालं. डबा उघडल्यावर आजीला कळलं, आणि तिला खाण्याचं काही वाटलं नाही. नातवानं तोंडावर खोटं सांगितलं, हे मात्र ती परत जाईपर्यंत बोलत राहिली.

आणि एक सोय सांगून ठेवते. शाकाहारी पातेल्यात मांसाचं काही गेलेलं नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे. पहिल्यांदा करशील तेव्हा त्यांना भाजी चिरायला बसव, डाळ त्यांच्या हातून धुवून घे. बायका दुसरीच्या स्वयंपाकघरात आल्या की हातांना काम नसल्यानं अस्वस्थ होतात, त्यात परका देश. कणी राहिली का हे त्या तुझ्यापेक्षा लवकर सांगतील.

शेजारच्या आजींचं काचेचं भांडं अजून तुझ्याकडेच असेल. ते रिकामं पाठवू नकोस. त्यांच्याच हाडाचं सूप त्यात भर, मीठ थोडं कमीच ठेव, वर कागद चिकटवून तारीख लिही आणि गरम करताना अर्धा कप पाणी घाला असं लिहून ठेव. मुलांच्या हाती दे, पण एकाला दार उघडायला पाठव, काच जड असते.