पुण्यावाल्यांसारखे बॉण्ड आमच्या गावाले काहून नाही?

प्रश्न : राम राम भाऊ. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. नगरपंचायत झाली, बोर्ड बदलला, पण नळ आठ दिवसातून एकदा येते तेही रात्री दोन वाजता, मंग सारं घर ड्रम अन् गुंड घेऊन उठते. पोरगा पुण्यात हाय, म्हणते तिथं महापालिकेनं पाण्यासाठी बॉण्ड काढले. आपल्याले काहून जमत नाही?

उत्तर : पोरगं खरं सांगते दादा. २०१७ मधी पुण्यानं चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बॉण्ड काढले, ७.५९ टक्के व्याजानं, दहा वर्षांसाठी. अन् पुण्याचंच काय कवतिक, आपल्या नागपूरनं २००१ सालीच पाण्यासाठी ५० कोटींचे काढले होते. पण बॉण्ड म्हणजे मुंबईहून आलेला निधी नाही बरं, निव्वळ बाजारात पैसे लावणाऱ्यांकडून उचललेलं कर्ज हाय, अन् सोसायटीच्या पीककर्जाले माफीची आशा तरी असते, इथं तेही नाही.

पैसे लावणारा आधी पाणीपट्टीची वसुली पाहते. वसूल झालेला पैसा एका वेगळ्या खात्यात जाते, त्याले एस्क्रो म्हणतात, त्यातून आधी बॉण्डचा हप्ता बाजूले निंघते अन् उरलं तं बाकीचा खर्च. आता हिशेब लावा, समजा १० कोटी उचलले ८ टक्क्यानं, तं नुसतं व्याजच वर्षाले ८० लाख. गावात २००० नळ, पट्टी वर्षाले १५०० रुपये, सगळ्यांनी भरली तरी ३० लाख, त्यातच पंपाचं लाइट बिल. अन् सगळे भरतात थोडीच! आपल्याकडं कापूस विकला की भरू म्हणतात, नाही तं दाखला अडला की.

एक रस्ता हाय पण. तामिळनाडूत २००२ मधी १३ लहान-मध्यम शहरांची मोट बांधून पाणी अन् गटारासाठी सुमारे ३० कोटींचे बॉण्ड काढले, राज्य सरकारनं मधात फंड उभा केला, त्याच्याच नावानं ते निंघाले, अन् अमेरिकेच्या यूएसएड संस्थेनं अर्ध्या मुद्दलाची हमी घेतली. एकट्या गावाले बाजारात कोणी ओळखत नाही, मोळी बांधली तं ओळखते. आपल्याकडं कर्ज काढाले शासनाची मंजुरी लागतेच, म्हणून हे राज्यानंच मनावर घ्याव लागन.

तवरिक तुमी नगरपंचायतीत एक अर्ज टाका, मागच्या तीन वर्षांची पाणीपट्टीची मागणी किती, वसुली किती, पंपाचं बिल किती. अन् हो, अर्ज टाकाच्या आधी आपली थकबाकी भरून ठेवा, नाही तं क्लार्क तेच काढून दाखवीन.