समाजकार्याच्या क्षेत्रकार्यातून वंचित समूहांबरोबर काम करण्याविषयी नेमके काय शिकता येते?

मी पुण्यातील पर्वतीजवळच्या एका वस्तीत क्षेत्रकार्य केले, त्या अनुभवावरून लिहितो. तेथे सर्वप्रथम हे कळले की ‘वंचित’ असा एकच समूह नसतो. एकाच गल्लीत कचरावेचक महिला, बांधकामावरील स्थलांतरित मजूर आणि भटक्या-विमुक्तांची कुटुंबे राहत होती आणि प्रत्येकाची अडचण निराळी होती.

जातीच्या दाखल्याचेच पाहा. भटक्या-विमुक्त अर्जदाराला आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पण ज्यांचे आजोबा गावोगाव पाल टाकून राहिले, त्यांनी तो आणावा कोठून? एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आणि घड्यांवर विरलेला एक दाखला काढून दाखवला, तर त्यावरील जातीचा रकाना कोरा होता. मी अर्ज भरायला गेलो होतो, पण दीड तास नुसता ऐकत बसलो, आणि त्यांच्या बोलण्यातूनच एका चुलत दिरांचे नाव गावच्या शाळेत नोंदलेले असल्याचे समजले. त्या नोंदीवरून पुढचा मार्ग सापडला.

सुरुवातीला लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, याचे वाईट वाटून घेऊ नका. १८७१ च्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना (आजच्या विमुक्तांना) जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना तो १९५२ मध्ये रद्द झाल्यानंतरही वहीत नाव लिहून घेणाऱ्या माणसाची धास्ती वाटते, आणि ती रास्तच आहे. म्हणून पहिले काही आठवडे वही पिशवीतच ठेवा.

कचरावेचकांसाठी काही करण्याआधी, पुण्यात १९९३ पासून कार्यरत असलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे काम अवश्य समजून घ्या. तेथे या महिला स्वतःच संघटित झाल्या आहेत.