गाव सोडलं की रोग सुटतो का?

प्रश्न : माझं मूळ गाव आचरा, नोकरी मुंबईत. गावपळणीबद्दल एक मजकूर सध्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय : 'प्लेगपासून वाचायला ही प्रथा सुरू झाली, जगाच्या आधी आपल्या पूर्वजांनी क्वारंटाइन शोधलं.' मुलांना हे खरं म्हणून सांगू का?
– एक चाकरमानी, डोंबिवली

उत्तर : तो मजकूर मलाही आला, दोन भाच्यांकडून आणि वर 'काका, अभिमान बाळगा' अशी सूचना. गावपळण मी पाहिली आहे, माझी सासुरवाड त्याच बाजूची. रामेश्वराचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं वेशीबाहेर. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोणी मागे राहत नाही. तीन दिवस तीन रात्री झावळांच्या राहुट्यांत मुक्काम, रात्री भजन, गप्पा. गावात चूल पेटत नाही. मला ती फार आवडते. पण वैद्यकाच्या कसोटीला लावायचीच म्हटली तर हिशेब जुळत नाही.

देवाला वाहन असतं तसं रोगालाही असतं. प्लेगचं वाहन उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसू दुसरं गरम अंग शोधते, मग ते माणसाचं का असेना. पिसू चावल्यापासून ताप आणि गाठ यायला साधारण एक ते सात दिवस जातात. म्हणजे तीन दिवसांनी गाव परत आलं, तर कोणाच्या अंगात रोग आहे हे कळायच्या आतच घरात शिरलं. शिवाय विलगीकरण म्हणजे संशयिताला बाकीच्यांपासून दूर ठेवणं. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर गावाबाहेर थांबवायचा हुकूम काढला, तो त्याच हिशेबाने. गावपळणीत तर झाडून सगळा गाव एकत्र बाहेर पडतो. दोन्ही गोष्टी उलट आहेत.

आता दुसरी बाजू. गाव सोडून माणसं वाचली, हे प्लेगच्या बाबतीत खरोखर घडलेलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहरातली लाखो माणसं पळाली. गिरण्यांत आणि गोदीत आपली कोकणची माणसं केवढी होती! ती आगबोटीने, पायी, मिळेल तशी गावाकडे निघाली. देशावर काय, कोकणात काय, 'उंदीर पडायला लागले' म्हटलं की शहाणी माणसं घर सोडून माळावर झोपड्या घालत. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता खरा, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा पुरावा दाखवला, तर कित्येक वर्षं त्याचं कोणी ऐकलं नाही. तोवर सरकार गटारांत कार्बोलिक ओतत होतं, कौलं उतरवत होतं, लोकांच्या घरात गोरे सोजीर घुसवत होतं. त्यातून पुण्यात काय झालं, २२ जून १८९७ला रँडचं काय झालं, ते शाळेत शिकलेलंच आहे.

म्हणजे माळावर जाणारा शेतकरी बरोबर होता. पण जाताना वाकळ आणि भाताची पोती बरोबर घेऊन गेला, तर पिसूही बरोबर गेली, हे त्यालाही माहीत नव्हतं.

आणि तीच युक्ती १९१८ला उपयोगी पडली नाही. जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईच्या बंदरात उतरला, पावसाळा सरता सरता दुसरी लाट आली, आणि देशात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली. त्यातली कितीतरी विशी-तिशीतली. इथे वाहन होतं माणसाचा श्वास. तुम्ही माळावर गेलात तरी तो बरोबरच. एका झोपडीत दहाजण दाटीने राहिलात तर उलट साथीचंच फावलं.

२०२०च्या गणपतीआधी आपण हेच केलं. एका गावात (नाव घेत नाही, वाचतील) मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवलं होतं. एका वर्गात आठ-आठ माणसं, सगळ्यांना मिळून एक संडास, खिडक्या बंद, का तर वारा गावाकडे येऊ नये. मी म्हटलं, अरे, याला वेगळं ठेवणं म्हणत नाहीत, याला अढी घालणं म्हणतात. खिडक्या उघडा, घरटी एक खोली द्या. चौघांनी ऐकलं, बाकीच्यांनी मला गावकीत बोलावून समज दिली.

तेव्हा मुलांना सांगा, गावपळण ही देवाची आणि गावाची गोष्ट आहे, आणि तेवढी पुरेशी आहे. तिला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला हवं?

प्रश्न : देवी गेल्या, मग फ्लू आणि प्लेग का जात नाहीत? सातवीच्या वर्गाने विचारलंय.
– एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : वर्गाला माझी शाबासकी द्या. देवीच्या विषाणूला माणसाशिवाय दुसरं घर नव्हतं. उंदीर नाही, माकड नाही, पक्षी नाही. आजारी माणूस तोंडावरच्या फोडांवरून लांबून ओळखू यायचा, आणि लस एकदा टोचली की वर्षानुवर्षं पुरायची. लहानपणी आमच्या दंडावर देवी काढायला येणारा माणूस दिसला की आम्ही माडाच्या बागेत पळायचो. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा टोचली ती १४ जून १८०२ला मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तरी रोग संपायला १९७७ उजाडलं, शेवटचा नैसर्गिक रुग्ण सोमालियात सापडला. शेवटच्या टप्प्यात सगळ्या जगाला टोचत बसले नाहीत. रुग्ण शोधायचा, त्याच्या भोवतीच्या माणसांना टोचायचं, कडं पुरं करायचं, असं केलं. मे १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं.

फ्लूचा विषाणू पाणपक्ष्यांत, डुकरांत राहतो आणि सतत रूप बदलतो. प्लेग रानातल्या उंदीरवर्गीय प्राण्यांत टिकून आहे. माणसांतून काढला तरी तिथून परत येऊ शकतो. पण आज तो वेळेत ओळखला तर अँटिबायोटिकने बरा होतो, हेही मुलांना सांगा, नाहीतर रात्री झोपायची नाहीत.

प्रश्न : साथ असताना मुलांच्या गळ्यात कापूर-लवंगेची पुरचुंडी बांधावी का?
– एक आजी, वेंगुर्ले

उत्तर : नको. कापूर आरतीला ठेवा. लहान पोराने तो चघळला तर आकडी येते.

प्रश्न : काजूच्या बागेत एक माकड मरून पडलं. दोन दिवसांनी गड्याला ताप आला. घरच्यांनी त्याचं ताट-पेला वेगळा केलाय, बायको जवळ जात नाही. बरोबर आहे का?
– एक बागायतदार, दोडामार्ग तालुका

उत्तर : त्याला पुन्हा घरच्यांच्या पंगतीला बसवा, आणि त्याआधी सरकारी दवाखान्यात न्या. ताप माकडतापाचाच आहे असं मी पत्रावरून सांगणार नाही, रक्त तपासावं लागेल. जाताना माकडाची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा, ती सांगितली नाही तर ते मलेरियाच शोधत बसतील.

माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आपल्याकडे २०१६पासून दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात रुग्ण मिळाले. वाहन गोचीड. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाल्यात पसरतात. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही. तेव्हा ताट वेगळं करून काही मिळत नाही. घरी आल्यावर अंगावरचे कपडे वेगळे काढून गरम पाण्यात टाकायचे, आंघोळ करायची, काखेत, जांघेत, कानामागे गोचीड आहे का ते बायकोने बघायचं, म्हणजे तिने जवळच जायला हवं!

मेलेल्या माकडाला हात लावू नका, पुरूही नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. काजू वेचायला जाताना पूर्ण पायघोळ कपडे, आरोग्य खातं गोचीड पळवायचं तेल देतं ते उघड्या अंगाला. पाल्यावर बसून भाकरी खायची नाही, खाली गोणपाट किंवा प्लॅस्टिक अंथरा.

प्रश्न : लावणीच्या दिवसांत आशाताई लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी देतात, आठवड्यातून एकदा. माझे श्रावणात उपास असतात. उपाशीपोटी घेतली तर चालेल?
– शेतकरी बाई, कुडाळ तालुका

उत्तर : उपाशीपोटी नको. जेवून घ्या, पेलाभर पाण्याबरोबर, आणि गिळल्यावर लगेच आडवं पडू नका, घशाखाली अडकली तर आतून जाळते. उपासाच्या दिवशी येत असेल तर आशाताईंशी बोलून वार बदलून घ्या. गरोदर असाल तर घेण्याआधी सांगा.

गोळी घेतली म्हणून पायाची जखम उघडी ठेवून चिखलात उतरू नका. हा जंतू उंदराच्या, गुरांच्या मुतातून मळ्यातल्या पाण्यात येतो आणि भेगाळलेल्या टाचेतून, कापलेल्या बोटातून आत जातो. गमबूट चिखलात रुततात, ठाऊक आहे. निदान जखमेला पट्टी बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळा, संध्याकाळी साबणाने पाय धुवा, आणि गोठ्याशेजारी भाताची पोती रचू नका. उंदीर गणपतीचं वाहन आहे म्हणून त्याला सूट देणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. गणपतीची त्याला हरकत नसावी असं मी त्यांना सांगतो.

ताप आला, पोटऱ्या दाबल्या की कळ येते, डोळे लाल झाले, तर 'डॉक्टरानू, लावणी आटापली की येतंय' हे चालायचं नाही. त्याच दिवशी या, आणि चिखलात काम केलं होतं हे पहिल्या वाक्यात सांगा. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर माझ्याकडेही नको, थेट मोठ्या दवाखान्यात.