एक्झिमा नैसर्गिक गोष्टींनी कंट्रोल होतो का, काय लावावं?

कंट्रोलमध्ये नक्की राहू शकतो, पण मुळातून बरा करणारं तेल किंवा लेप नाहीये, असं कोणी सांगत असेल तर पैसे घालवू नका प्लीज. एक्झिमात त्वचेचा वरचा थर कमजोर असतो, त्यातून पाणी उडून जातं आणि बाहेरच्या गोष्टी आत शिरून खाज सुटते, म्हणून खरं काम मॉइश्चरायझरचं, बाकी सगळं नंतर. कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत अंघोळ उरकायची, घासायचं नाही, टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच जाडसर, बिनवासाचं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावायची, लोशन पातळ असतं त्याने तेवढा फरक पडत नाही. दिवसातून दोनदा तरी, खाज नसली तरीही!

नैसर्गिकमध्ये बारीक दळलेल्या ओट्सचं पाणी खाजेला खरंच आराम देतं, व्हर्जिन खोबरेल तेलही बऱ्याच जणांना चालतं. ऑलिव्ह ऑइल मात्र नको, त्याने त्वचेचा वरचा थर अजून बिघडू शकतो. लिंबू, बेकिंग सोडा, टी ट्री किंवा लॅव्हेंडर ऑइल तर अजिबात नको, नैसर्गिक असलं म्हणून सौम्य असतंच असं नाही. काहीही नवीन असेल तर आधी कोपराच्या आत थोडंसं लावून दोन-तीन दिवस बघा.

आणि डॉक्टरांनी स्टेरॉइड क्रीम दिलं असेल तर घाबरून मनाने बंद करू नका, सांगितलंय तसं वापरलं तर ते सुरक्षित असतं. पू, पिवळी खपली, ताप किंवा अचानक दुखरे फोड आले तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दाखवा.