12 बोअरच्या दोन नळी बंदुकीत लहानसहान बदल, म्हणजे छर्रे पसरावेत म्हणून नळीचं तोंड आतून घासणं किंवा दस्त्याला रबर लावणं, घरीच केले तर चालतील का, की ती कारागिराकडेच द्यावी?

लाकडाला हात लावा, लोखंडाला लावू नका. एवढ्या उत्तरावर भागत असेल तर इथेच थांबा. पुढचं आमच्या दादासाठी आहे.

कुडाळजवळ आमची काजूची बाग आणि थोडं भात. आजोबांची बेल्जियमची दोन नळी, शेतीसंरक्षणाचा परवाना आता माझ्या नावावर. वानर-डुकरं हुसकवायला बार काढायचा, एरवी कपाटात, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात. अशीच एकदा जमा केलेली परत आणली आणि पुसताना दिसलं, नळ्यांमधली वरची पट्टी तोंडाशी सुटलीय. नख जाईल एवढी फट.

मी म्हटलं, कोल्हापूरला नेऊ. दादा म्हणाला, "तेका कोल्हापूर कित्याक? कथलाचो डागच तर मारूचो आसा." मी दोन दिवस मुंबईला गेलो आणि तेवढ्यात त्याच्या ग्रिल बनवणाऱ्या दोस्ताने गॅसची ज्योत लावली. फट बुजली. दादा खूश.

आजोबांची एक सवय होती. नळ्या सोडवून दोरीला टांगायच्या आणि बोटाने टिचकी मारायची. डाग, म्हणजे कथलाचा सांधा, सगळीकडे धड असेल तर देवळातल्या घंटेसारखा नाद लांबतो. मी टिचकी मारली तर नारळाच्या करवंटीसारखं 'टप्प'. पुढे डाग बसला खरा, पण त्या उष्णतेने मागचा वीतभर कथील वितळून सुटला होता. या नळ्या एकमेकींना आणि पट्ट्यांना डागानेच धरलेल्या असतात. एका जागी तापवलं की शेजारची जागा सैल होते. ग्रिलला हे नियम नसतात.

शेवटी कोल्हापूरलाच गेलो. परवानाधारक कारागीर, वय सत्तरीपुढे. त्यानेही आधी टिचकीच मारली आणि विचारलं, "कुणी तापवली ही?" मी दादाचं नाव सांगितलं नाही. त्याने वरची-खालची दोन्ही पट्ट्या पूर्ण उतरवल्या. आत दोस्ताने डाग मारताना लावलेल्या ॲसिडचा गंज धरायला लागला होता. सगळं घासून, नव्याने कल्हई करून, तारेने आवळून पुन्हा बसवलं. नळ्या काळ्या करतानाही झटपट उकळत्या क्षारात बुडवल्या नाहीत, कारण ते क्षार कथलाचा डाग खातात. त्याऐवजी हळूहळू पातळ गंज चढवायचा, उकळून तो काळा करायचा, घासायचं, पुन्हा चढवायचा. तीन महिने लागले. दादा म्हणतो लुटलं. मी म्हणतो, लुटलं असेल तर तुझ्या त्या दोस्ताने.

तुम्ही नळीचं तोंड आतून घासून छर्रे पसरवायचं म्हणताय. 12 बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर, आणि छर्रे एकत्र राहावेत म्हणून तोंडाशी पूर्ण आवळलेली (फुल चोक) असली तरी फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यात घरच्या पॉलिश पेपरने काय कराल? एक बाजू जास्त घासली गेली की छर्रे कुठे जातील ते तुम्हालाच कळणार नाही. दस्त्याला मागे रबर लावायचंय, जवस तेल द्यायचंय, तर खुशाल घरी करा. मीही केलंय, छान झालंय.

हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायला किंवा तिच्यात बदल करायलाही परवाना लागतो आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे. म्हणजे दादाचा दोस्त नुसता अडाणी नव्हता. आणि माझ्या नावावरची बंदूक माझ्या पाठीमागे दुसऱ्याच्या हातात गेली, ही चूक माझीच. सगळे कारागीर त्या म्हाताऱ्यासारखे नसतात, हेही मान्य. परवाना बघा, पावती घ्या, द्यायच्या आधी नळ्यांचे फोटो काढा.

चतुर्थीला सगळे घरी जमले की मी नळ्या दोरीला टांगून दादासमोर टिचकी मारतो. तो टीव्हीचा आवाज वाढवतो.