ज्याचं पिंप, त्याचा खर्च

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. ओढ्याकाठी कुणीतरी टाकलेली ती निळी पिंपं रविवारी तालमीची पोरं घेऊन श्रमदानानं उचलणार म्हणतोस. वर मलाच विचारतोस, "काका, कुणी टाकली ते शोधत बसायचं, का आधी जागा साफ करायची?"

लेका, पंचगंगेचा घाट झाडणं वेगळं. तिथं निर्माल्य असतं. इथं आत ॲसिड आहे की क्रोम प्लेटिंगचा गाळ, तुला माहीत नाही. हात लावू नकोस.

आणि पिंप हललं की मालक सुटला. स्टिकर खरवडलेलं असतं, पण घाईत. कडेला बॅच नंबरचे दोन-चार आकडे राहतात. ऊन तिरकं असताना फोटो काढ, दाबून छापलेली अक्षरं उठून दिसतात. तो नंबर केमिकल बनवणाऱ्याचा असतो, त्याच्या बिलांवरून घेणारा सापडतो. ज्याचं पिंप, त्याचा खर्च.

माल त्यानं विकला, नफा त्यानं घेतला आणि गाळ तेवढा गावाचा? घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे. घातक कचरा आवारात साधारण ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही, रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणीच पाठवायचा आणि गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कुठला कचरा कुठून कुठं चालला याचा कागद, द्यायचं. त्याला पैसे पडतात. ते वाचवायलाच रात्रीचा टेम्पो ओढ्याकडं वळतो.

मालक सापडेपर्यंत विष तिथंच ठेवायचं का, हा तुझा प्रश्न मात्र खरा आहे. नाही ठेवायचं. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावातल्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या गाळानं नासल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सफाई सरकारनं करून घ्यावी, खर्च कारखानदारांकडून वसूल करावा. कारखानदारांनी टोलवत टोलवत २०११ उजाडवलं, तेव्हा न्यायालयानं ३७ कोटींहून जास्त रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजानं भरायला लावली. म्हणजे सरकारनं आधी उचलावं, पण पावती कारखानदाराच्याच नावानं फाडावी.

नाव सोडलं की काय होतं ते भोपाळला बघ. गॅसकांड १९८४ चं. कारखान्यातला ३३७ टन कचरा हलला जानेवारी २०२५ मध्ये, तोही सरकारी तिजोरीतून, आणि गेला इंदूरजवळच्या पीथमपूरला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. का उतरू नयेत? त्यांनी काय केलं होतं?

लोक तुला सांगतील, "कारखाना बंद पडला तर पोरांच्या नोकऱ्या जातील", "महापालिका बघंल". मी नोकरीत असताना कोऱ्या मॅनिफेस्टवर सही करायला नकार दिला, तेव्हाही हेच ऐकलं. भांडकुदळ म्हणाले. स्टोअरमधला माझा जिवलग मित्र तेव्हापासून बोलत नाही, लग्नकार्यात भेटला तरी तोंड फिरवतो. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या कागदावर माझं नाव आलं असतं आणि माल कुठं गेला ते मालकालाच ठाऊक. आजही सही करणार नाही. हट्टी म्हण हवं तर. ज्याचं पिंप, त्याचा खर्च.

तर सोमवारी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात अर्ज दे, फोटो जोड, पोच घे. नमुना त्यांच्या माणसांनाच घेऊ दे. अर्जात "अज्ञात इसम" लिहून मोकळा होऊ नकोस. स्टिकरवर जे आकडे उरलेत ते जसेच्या तसे लिही. पोरांना रविवारी ओढ्यावर पाठवायचंच असेल तर लांब उभं करून गुरं तिकडं जाऊ देऊ नका म्हणावं. आणि ते कापडी हातमोजे दुकानदाराला परत कर, ॲसिडपुढं त्यांचा काही उपयोग नाही.

तुझा,
काका